एशिया: मद्रासच्या आकाशातला सदुसष्टावा लघुग्रह

नॉर्मन पॉगसन यांना मद्रासच्या वेधशाळेतून आधी कोणाच्याच नोंदीत नसलेल्या ज्या गोष्टी दिसल्या, त्यांतल्या दोहोंची जोडी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. १७ एप्रिल १८६१ च्या रात्री त्यांना ताऱ्यांच्या गर्दीत एक मंद ठिपका सापडला. डिसेंबर १८७२ च्या सुरुवातीला, ढगांतून मिळालेल्या फटीत, एक धूमकेतू सापडला. पहिला ठिपका आज कुठे आहे, पुढच्या वर्षीच्या कोणत्याही रात्री कुठे असेल, हे काही क्षणांत काढता येते. दुसरा मात्र कायमचा हरवला. त्याचे नाव यादीत आहे, पण तो कुठून आला आणि कुठे गेला हे सांगता येत नाही.

निरीक्षक एकच, शहर एकच, निष्ठाही तीच. फरक पडला तो कक्षेमुळे. पहिल्याची कक्षा बांधता आली, दुसऱ्याची आली नाही. आकाशात नवी वस्तू दिसणे ही शोधाची सुरुवात असते. ती पुन्हा कुठे दिसेल हे गणिताने सांगता आले आणि ती तिथे खरोखर दिसली, की शोध पुरा होतो. आपल्या जुन्या ज्योतिषपरंपरेत यालाच दृग्गणितैक्य म्हणतात. ६७ क्रमांकाच्या ‘एशिया’ या लघुग्रहाची कथा ही अशा पुऱ्या झालेल्या शोधाची कथा आहे, आणि ती आपल्याच देशात घडलेली आहे.

हरवण्याची भीती

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत पहिली वस्तू सापडली ती १ जानेवारी १८०१ रोजी. सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत ज्युसेप्पे पियाझ्झी ताऱ्यांची सूची करत होते. त्यांच्या सूचीतला एक ‘तारा’ दर रात्री थोडा सरकत होता. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी त्याचे वेध घेतले, मग तो सूर्याच्या तेजात शिरला. संध्याकाळच्या आकाशातून गेलेली ही वस्तू काही महिन्यांनी पहाटेच्या आकाशात परत येणार होती, पण नेमकी कुठे? हाताशी वेध होते ते कक्षेच्या अगदी लहानशा तुकड्याचे. तेवढ्यावरून अख्खी कक्षा काढण्याची सोयीची रीत त्या वेळी कोणाकडे नव्हती.

ती रीत चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाऊस यांनी शोधली. सूर्याभोवतीची कक्षा ठरवायला सहा गोष्टी लागतात. कक्षा किती मोठी आणि किती लांबट, पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी किती कललेली, ती पातळी कोणत्या रेषेत छेदते, कक्षेतला सूर्यालगतचा बिंदू कोणत्या दिशेला आहे, आणि एखाद्या ठरावीक क्षणी वस्तू कक्षेत कुठे आहे. आकाशातल्या एका वेधातून दोन आकडे मिळतात. म्हणजे तीन चांगल्या वेधांतून सहा आकडे मिळतात, आणि सहा अज्ञात राशी त्यांवरून सोडवता येतात. गाऊस यांनी वर्तवलेल्या जागेजवळच ३१ डिसेंबर १८०१ रोजी फॉन झाख यांना ती वस्तू परत सापडली. सेरेस नाव मिळालेला हा पहिला लघुग्रह हाती लागला तो त्या रात्री.

पुढे १८०२ मध्ये पॅलस, १८०४ मध्ये जूनो आणि १८०७ मध्ये व्हेस्टा मिळाले. त्यानंतर अडतीस वर्षे काहीच नाही. पोस्टातून निवृत्त झालेले जर्मन हौशी निरीक्षक कार्ल हेन्के यांनी पंधरा वर्षे चिकाटीने शोध घेतला आणि १८४५ मध्ये पाचवा लघुग्रह मिळवला. तिथून बांध फुटला. १८६० अखेर संख्या बासष्टवर गेली.

संख्या वाढली तशी नवी अडचण आली. इतक्या ठिपक्यांचा हिशोब ठेवायचा कसा? १८५६ मध्ये पॅरिसमध्ये गोल्डश्मिट यांना डॅफ्नी सापडला. फार वेध मिळण्याआधीच तो हरवला. पुढच्या वर्षी त्यांना तो परत मिळाल्यासारखे वाटले, पण कक्षेचे गणित केल्यावर ती वेगळीच वस्तू निघाली. तीच पुढे मेलेटी म्हणून ओळखली जाऊ लागली. खरा डॅफ्नी हाती यायला १८६२ साल उजाडले. डोळ्यांनी सापडलेले हरवू शकते, हे त्या पिढीच्या प्रत्येक निरीक्षकाला पक्के ठाऊक होते.

प्रतींची फूटपट्टी

त्याच पिढीतले पॉगसन. जन्म १८२९, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या खासगी वेधशाळेत लघुग्रह शोधण्यात नाव कमावलेल्या जॉन रसेल हाइंड यांच्या हाताखाली ते तयार झाले. १८५२ मध्ये ते ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत गेले. तिथे १८५६ मध्ये आयसिस आणि १८५७ मध्ये अरियाड्नी व हेस्टिया असे तीन लघुग्रह त्यांनी शोधले.

पण ऑक्सफर्डमधले त्यांचे सर्वांत टिकाऊ काम दुसरेच आहे. लघुग्रहाची जागा गणिताने सांगितली, तरी दुर्बिणीत त्या जागी दहा-वीस ठिपके दिसतात. त्यांतला आपला कोणता? त्या रात्री तो किती तेजस्वी असेल हेही आधी सांगता आले, तर निवड सोपी होते. त्यासाठी तेजस्वितेचे मोजमाप पक्के हवे. प्राचीन काळापासून ताऱ्यांच्या पहिली ते सहावी अशा प्रती मानल्या जात, पण दोन प्रतींमधले अंतर प्रत्येक निरीक्षक आपापल्या अंदाजाने धरी. १८५६ मध्ये, पुढच्या वर्षातल्या प्रत्येक महिन्यासाठी छत्तीस लघुग्रहांच्या प्रती काढून देताना, पॉगसन यांनी नियम सुचवला: पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पट फरक. मग एका प्रतीचा फरक म्हणजे शंभराचे पाचवे मूळ, सुमारे २.५१२ पट.

आज हबल दुर्बिणीपासून शाळेतल्या तारकानकाशापर्यंत सगळीकडे चालतो तो हाच नियम. तो एखाद्या भव्य सिद्धांतातून आलेला नाही. हरवू पाहणारे लघुग्रह नीट ओळखता यावेत, या रोजच्या गरजेतून तो आला. मला पॉगसन यांच्या कामात सर्वांत मोलाचे वाटते ते हे: पुढच्या माणसाला ती वस्तू परत सापडली पाहिजे, हा ध्यास.

नुंगमबाक्कमची वेधशाळा

१८६० च्या अखेरीस पॉगसन यांची मद्रासला सरकारी खगोलज्ञ म्हणून नेमणूक झाली आणि फेब्रुवारी १८६१ मध्ये ते तिथे दाखल झाले. वेधशाळा तेव्हा नवी नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी विल्यम पेट्री यांनी १७८६ मध्ये स्वतःच्या खर्चाने ती सुरू केली होती. पुढे कंपनीने ती ताब्यात घेतली आणि १७९२ मध्ये मायकेल टॉपिंग यांच्या देखरेखीखाली नुंगमबाक्कम भागात इमारत उभी राहिली. जहाजांना आणि मोजणीदारांना रेखांश हवा होता, म्हणून कंपनीला वेधशाळा हवी होती. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात मद्रासच्या रेखांशाचा आधार होता. पुढे रेल्वे आणि तारखाते ‘मद्रास टाइम’वर चालले. ती वेळ मुंबईवर लादण्याचा प्रयत्न १८८१ मध्ये झाला, तेव्हा मुंबईकरांनी त्याला ठाम विरोध केला आणि आपला मुंबई टाइम राखला.

वेधशाळेचे यंत्र ज्यावर बसवले होते तो ग्रॅनाइटचा खांब अजून उभा आहे. त्यावर लॅटिन, तमिळ, तेलुगू आणि हिंदुस्थानीत कोरलेल्या लेखात, ब्रिटिशांच्या औदार्याने गणिती शास्त्रे आशियात पहिल्यांदा रुजली, असा दावा आहे. आर्यभट, ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्यांच्या देशात हा दावा टिकणारा नाही, आणि तो तसा स्पष्ट नाकारला पाहिजे. त्याच आवारात प्रामाणिक आणि कष्टाचे विज्ञान झाले, हेही तितक्याच स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. इथे टी. जी. टेलर यांनी अकरा हजारांहून अधिक ताऱ्यांची सूची केली, आणि ती युरोपातही वापरली गेली.

चैत्र-वैशाखाचे आकाश

लघुग्रह शोधायची उत्तम वेळ म्हणजे प्रतियुतीची, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असतानाची. तेव्हा तो पृथ्वीला जवळ असतो, अधिक उजळ दिसतो आणि रात्रभर आकाशात असतो. म्हणून शोधणारे आयनिकवृत्ताचा, म्हणजे सूर्याच्या वार्षिक वाटेचा, सूर्यासमोरचा भाग चाळतात. चैत्रात पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ असतो आणि वैशाखात विशाखेजवळ. एप्रिल-मे महिन्यांत लघुग्रहही याच पट्ट्यात शोधायचे असतात.

हा पट्टा खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. चित्रा साधारण ११ अंश दक्षिणेला, विशाखा १६ अंश. लंडनहून विशाखा क्षितिजापासून जेमतेम २२ अंश वर येते. तिथे हवेचा जाड थर आणि धुरकट क्षितिज मंद ठिपके गिळून टाकतात. मद्रासहून तीच जागा ६० अंशांपेक्षा वर असते. शिवाय मद्रासचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधला, त्यामुळे एप्रिल-मेच्या रात्री बऱ्याचशा निरभ्र मिळतात. बर्लिन अकादमीचे प्रसिद्ध तारकानकाशे विषुववृत्तापासून दोन्ही बाजूंना १५ अंशांपर्यंतच होते. त्याच्या दक्षिणेला निरीक्षकाला स्वतःचा नकाशा स्वतःच काढावा लागे. मद्रासची ही बाजू पॉगसन यांना लगेच लाभली. इथे त्यांना मिळालेल्या पाच लघुग्रहांपैकी तीन एप्रिल-मेमधले आहेत.

काम कसे चाले ते समजून घेतले पाहिजे. छायाचित्रण या कामाला अजून उपयोगी नव्हते. आकाशाचा छोटासा चौकोन दुर्बिणीतून पाहायचा, प्रत्येक ठिपका नकाशाशी ताडायचा, नकाशात नसलेला ठिपका दिसला की आजूबाजूच्या ताऱ्यांपासून त्याचे अंतर मोजायचे. मग तासाभराने आणि दुसऱ्या रात्री पुन्हा पाहायचे. प्रतियुतीजवळचा असा लघुग्रह दिवसाला सुमारे पाव अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्याइतका, सरकतो. सरकला तर लघुग्रह; न सरकला तर नकाशात राहून गेलेला तारा. बहुतेक वेळा तो ताराच निघे.

१७ एप्रिल १८६१ रोजी मद्रासला पोहोचून पॉगसन यांना तीन महिनेही झाले नव्हते. मोठी म्हणावी अशी दुर्बीण तिथे नव्हती. आठ इंची दुर्बीण काही वर्षांनी आली. त्या रात्री दिसलेला ठिपका सरकणारा निघाला. त्या महिन्यात युरोप-अमेरिकेतही शोधांची झुंबड होती. अमेरिकेत टटल यांना माया, जर्मनीत लूथर यांना लेटो आणि इटलीत स्कियापरेल्ली यांना हेस्पेरिया एप्रिल १८६१ मध्येच मिळाले. शोधांच्या क्रमाने मद्रासच्या लघुग्रहाला ६७ हा क्रमांक मिळाला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिला लघुग्रह. लघुग्रहांना ग्रीक-रोमन पुराणांतली स्त्रीनावे देण्याचा प्रघात होता आणि ग्रीक पुराणात एशिया नावाची टायटन कुळातली देवता आहे. खंडाचा मान आणि प्रघात, दोन्ही एकाच नावात साधले.

महिनाभर दूर असलेला युरोप

ठिपका सापडला, आता तो हरवू द्यायचा नव्हता. इथे मद्रासचे दूर असणे आड येत होते. १८६१ मध्ये भारत आणि युरोप यांच्यात तारेची सलग जोडणी नव्हती. पत्र बोटीने सुएझपर्यंत, तिथून इजिप्तमधून रेल्वेने अलेक्झांड्रियापर्यंत आणि पुन्हा बोटीने युरोपात जाई. त्यात महिना सहज मोडे. तोवर लघुग्रह प्रतियुती ओलांडून मंद होत चाललेला असे, शिवाय युरोपच्या क्षितिजाजवळ रेंगाळत असे. पॅरिसच्या निरीक्षकाला नवा लघुग्रह सापडला, तर आठवडाभरात बर्लिन, बॉन, लंडन इथले डोळे त्यावर लागत. मद्रासच्या निरीक्षकाला सुरुवातीचा सगळा भार एकट्याने उचलावा लागे. रोज रात्री जागा मोजायची, संदर्भताऱ्यांच्या जागा स्वतः ठरवायच्या, आणि कक्षा काढण्याइतका पुरेसा लांब तुकडा स्वतःच जमवायचा.

तो जमला. कक्षा निघाली, पुढच्या प्रतियुतीची जागा वर्तवता आली आणि एशियाचा ताळा जुळला.

कक्षा काय सांगते

एशियाचे सूर्यापासूनचे मध्यम अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे २.४२ पट आहे. कक्षा बरीच लांबट आहे. सूर्याला सर्वांत जवळ असताना हे अंतर १.९७ पट होते आणि सर्वांत दूर असताना २.८७ पट. पृथ्वीच्या कक्षेशी तिचा कल सुमारे ६ अंश. एका फेरीला ३.७७ वर्षे लागतात.

हे आकडे नुसते यादीतले नाहीत, प्रत्येकाला काही अर्थ आहे. ३.७७ वर्षांची फेरी असल्यामुळे पृथ्वी दर सुमारे सव्वासोळा महिन्यांनी एशियाला गाठते आणि प्रतियुती होते. मात्र सगळ्या प्रतियुती सारख्या नसतात. एशिया सूर्याजवळच्या टोकाला असताना प्रतियुती आली, तर तो दहाव्या प्रतीपर्यंत उजळतो. दूरच्या टोकाला असताना आली, तर त्याहून बराच मंद राहतो. एशियाच्या चार फेऱ्या जवळजवळ पंधरा वर्षांत पुऱ्या होतात, म्हणून साधारण पंधरा वर्षांनी आकाशात जवळपास त्याच जागी, तशाच तेजाची प्रतियुती पुन्हा येते.

आणखी एक मेळ लक्ष वेधून घेतो. मंगळ ६८७ दिवसांत फेरी पुरी करतो. त्याच्या दोन फेऱ्या म्हणजे १३७४ दिवस. एशियाची एक फेरी जवळजवळ तेवढ्याच दिवसांची आहे. असा साधा मेळ जमला, की ग्रहाचे बारीकसे गुरुत्वीय धक्के ठरावीक जागी पुन्हा पुन्हा बसत राहतात आणि लाखो वर्षांच्या हिशोबात त्यांचा परिणाम साठत जातो. लघुग्रहांच्या पट्ट्याची घडण अशा मेळांनीच ठरली आहे. १८६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅनिएल कर्कवुड यांनी हे प्रथम दाखवले. गुरूच्या एका फेरीत ज्यांच्या बरोबर तीन किंवा दोन फेऱ्या होतील, अशा अंतरांवर लघुग्रह जवळजवळ नाहीतच. पहिली मोकळी जागा २.५ पट अंतरावर, दुसरी सुमारे ३.२८ पट अंतरावर. एशिया पहिल्या मोकळ्या जागेच्या थोडासा आत फिरतो.

आजच्या मापनांनुसार तो सुमारे ६० किलोमीटर व्यासाचा, सिलिकेट खडकांचा, पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे पाव भाग परतवणारा गोळा आहे. स्वतःभोवती फिरायला त्याला सुमारे सोळा तास लागतात. १८६१ मध्ये यातले काहीच कळण्याजोगे नव्हते. पण हे सगळे कळू शकले, कारण तो कुठे आहे हे दर रात्री ठाऊक होते. कक्षेचा पत्ता नसता तर कोणत्या दुर्बिणीने त्याचा व्यास मोजला असता?

मद्रासचे बाकीचे चार

२ मे १८६४ रोजी सॅफो सापडला, १६ मे १८६६ रोजी सिल्व्हिया, १७ नोव्हेंबर १८६८ रोजी कॅमिला आणि ६ फेब्रुवारी १८८५ रोजी व्हेरा. हे सगळे कक्षांच्या दृष्टीने मांडून पाहिले, तर मद्रासच्या पाच लघुग्रहांनी अख्खा पट्टा व्यापलेला दिसतो. सॅफो २.३० पट अंतरावर, साडेतीन वर्षांची फेरी. एशिया त्याच्या पलीकडे. व्हेरा ३.१० पट अंतरावर, फेरी साडेपाच वर्षांची. सिल्व्हिया आणि कॅमिला कर्कवुडच्या दुसऱ्या मोकळ्या जागेच्याही पलीकडे, सुमारे ३.५ पट अंतरावर, साडेसहा वर्षांच्या संथ फेऱ्या घालणारे, दोनशे किलोमीटरहून मोठे, काळपट लघुग्रह.

या दोघांनी पुढे खगोलशास्त्राला मोठी भेट दिली. २००१ मध्ये दोघांभोवतीही एकेक चंद्र सापडला. सिल्व्हियाचा केक दुर्बिणीतून, कॅमिलाचा हबलमधून. २००५ मध्ये सिल्व्हियाचा दुसरा चंद्र जाहीर झाला आणि दोन चंद्रांचा लघुग्रह म्हणून ओळखला गेलेला तो पहिला ठरला. रोम्युलस आणि रीमस ही त्या चंद्रांची नावे. २०१६ मध्ये कॅमिलाच्याही दुसऱ्या चंद्राची घोषणा झाली. चंद्राची फेरी आणि अंतर कळले, की मधल्या गोळ्याचे वस्तुमान काढता येते. त्यावरून सिल्व्हियाची घनता पाण्यापेक्षा थोडीशीच जास्त निघाली. एवढा हलका गोळा अखंड खडकाचा असू शकत नाही. तो गुरुत्वाने एकत्र राहिलेला, आत पोकळ्या असलेला ढिगारा आहे. पॉगसन यांनी मोजून ठेवलेल्या ठिपक्याचे अंतरंग जवळजवळ दीडशे वर्षांनी असे उघड झाले.

दोन रात्रींचा धूमकेतू

आता दुसरी गोष्ट. २७ नोव्हेंबर १८७२ रोजी युरोपात उल्कांचा मोठा वर्षाव झाला. बीएला या धूमकेतूचे १८४६ मध्ये दोन तुकडे झाले होते आणि १८५२ नंतर तो दिसलाच नव्हता. त्याचेच हे अवशेष, असे गॉटिंगेनच्या क्लिंकरफ्यूस यांनी ताडले. पृथ्वी धूमकेतूला घासून गेली असेल, तर तो आता आकाशाच्या विरुद्ध बाजूला, दक्षिणेत दिसेल. ती बाजू पाहू शकेल असा निरीक्षक मद्रासला होता. तोवर तारेची जोडणी झाली होती. नरतुरंग तारकासमूहात शोधा, असा संदेश पॉगसन यांना तारेने पोहोचला. सांगितलेल्या जागेजवळ त्यांना खरोखर एक धूमकेतू दिसला, दुसऱ्या दिवशीही दिसला. मग ढगांनी आकाश व्यापले.

दोन वेध म्हणजे चार आकडे, आणि अज्ञात राशी सहा. कक्षा निघणे शक्यच नव्हते. पुढच्या विश्लेषणांत तो बीएलाचा तुकडा असणे अवघड ठरले, पण तो कोणता हे ठरवायला तिसरा वेध लागतो. धूमकेतूंच्या आधुनिक यादीत कक्षा न काढता आलेल्यांसाठी वेगळी खूण आहे. पॉगसन यांच्या धूमकेतूला ती खूण लागली आहे. १८६१ मध्ये त्यांनी रोज रात्री उभे राहून वेध का जमवले, याचे उत्तर यात आहे.

मदतीचे हात

ही वेधशाळा एका माणसाची नव्हती. चिंतामणी रघुनाथाचार्य पॉगसन येण्याच्या आधीपासून तिथे काम करत होते आणि १८८० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते वेधशाळेचे मुख्य साहाय्यक राहिले. जानेवारी १८६७ मध्ये दक्षिण आकाशातल्या जालक समूहातला एक तारा तेज बदलतो, हे त्यांनी शोधले. आज तो आर रेटिक्युली म्हणून ओळखला जातो. १८७२ मध्ये ते लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे फेलो झाले. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाविषयी त्यांनी सामान्य वाचकांसाठी पुस्तिका लिहिली. पंचांगातले गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळले पाहिजे, असा आग्रह धरून त्यांनी तमिळमध्ये दृग्गणित पंचांगही काढले.

मराठी वाचकाला हा आग्रह ओळखीचा वाटेल. त्याच काळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम केलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि नव्या वेधांवर आधारलेल्या पटवर्धनी पंचांगाचा पाया घातला. आपल्याकडचा पंचांगवाद आणि मद्रासचा लघुग्रहशोध यांचे विषय वेगळे, पण कसोटी एकच. सांगितलेली जागा आणि दिसलेली जागा जुळते का?

पॉगसन यांची मुलगी एलिझाबेथ आयसिस १८७३ पासून वेधशाळेत साहाय्यक म्हणून गणिताचे काम करू लागली. पुढे ती मद्रास प्रांताची हवामान अहवाल अधिकारीही झाली. १८८६ मध्ये वडिलांनी रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या फेलोपदासाठी तिचे नाव सुचवले. सनदेतली भाषा फक्त पुरुषांना लागू होते, असा अर्थ लावला गेल्यामुळे ते मागे घ्यावे लागले. हा उघड अन्याय होता. तिच्या बाबतीत तो दूर व्हायला १९२० साल उजाडावे लागले. तेव्हा ती फेलो झाली.

एका युगाचा शेवट

जून १८९१ मध्ये पॉगसन मद्रासलाच वारले. त्यांनी घेतलेल्या हजारो वेधांपैकी पुष्कळ त्यांच्या हयातीत छापून झाले नव्हते. त्यांच्या जागी आलेले मिची स्मिथ यांनी ते काम तडीस नेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हायडेलबर्गच्या माक्स वोल्फ यांनी छायाचित्रावरून पहिला लघुग्रह शोधला. काचेवर तारे ठिपक्यांसारखे उमटले आणि लघुग्रहाची छोटी रेघ उमटली. नकाशाशी ठिपके ताडत रात्री जागवण्याचे युग तिथून संपत गेले.

१८९९ मध्ये वेधशाळेचे काम कोडाईकनालला गेले. त्याच परंपरेतून आजची बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था उभी राहिली. व्हेरानंतर १०३ वर्षे भारतातून एकही नवा लघुग्रह सापडला नाही. १७ फेब्रुवारी १९८८ रोजी याच संस्थेच्या कावलूर वेधशाळेत आर. राजमोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो खंड संपवला. त्या लघुग्रहाला रामानुजन यांचे नाव मिळाले, क्रमांक ४१३०.

आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासात प्राचीन वैभव भरपूर येते आणि स्वातंत्र्यानंतरच्या संस्थाही येतात. मधल्या काळातले वेध, नोंदवह्या आणि त्या लिहिणारी माणसे मात्र गाळली जातात. परक्या सत्तेची वेधशाळा म्हणून ती गाळणे चूक आहे, कारण तिथे रात्र रात्र उभे राहिलेल्यांत रघुनाथाचार्यही होते. पाठ्यपुस्तकात एशियाला एक परिच्छेद मिळाला पाहिजे, आणि त्यात पॉगसन यांच्याबरोबर रघुनाथाचार्य आणि आयसिस यांची नावे आली पाहिजेत.

वाचकांना एक विनंती. एशिया अनुकूल प्रतियुतीत दहाव्या प्रतीपर्यंत येतो. शहराच्या उजेडापासून दूर, चार इंची दुर्बिणीत तो दिसू शकतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, आणि राज्यभर आकाशनिरीक्षकांची मंडळे आहेत. त्यांच्याबरोबर जा. आधी गणिताने जागा काढा, मग नकाशावर खूण करा, आणि लागोपाठ तीन रात्री तो ठिपका पाहा. तीनच रात्री, कारण कक्षेला किमान तेवढे वेध लागतात.